आपल्या गल्लीतला पामेरियन आला कुठून?

पामेरियन हा शब्द मी कोल्हापुरात किमान चार तऱ्हांनी ऐकला आहे. पामेरियन, पॉमेलियन, पामेलियन, आणि खाद्यतेलाची आठवण करून देणारा पामोलियन. भाषा शिकवणे हा माझा व्यवसाय असल्यामुळे यातला बरोबर उच्चार कोणता, असे मुले विचारतात. खरे उत्तर असे आहे की आपल्याकडे ज्या कुत्र्याला हे नाव दिले जाते, त्याचे ते नावच नाही. उंबऱ्याशी बसलेले, पांढऱ्याशुभ्र लांब केसांचे, टोकदार तोंडाचे, पाठीवर शेपटीचा झुपका टाकून रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक सायकलवर भुंकणारे ते कुत्रे बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ जातीचे असते. पामेरियन हा त्याचा विलायतेतला चुलतभाऊ. नाव चुलतभावाचे, आणि दारात बसलेला मात्र हा.

हा नावाचा घोटाळा उलगडायला बसलो आणि वाट बाल्टिक समुद्रापासून राणी व्हिक्टोरियाच्या शयनगृहापर्यंत, फ्लॉरेन्सपासून 'हम आपके हैं कौन'पर्यंत गेली. वाटेत आपले कोल्हापूरही लागले. ती सगळी हकिकत सांगतो. कुत्र्यावर लेख कशाला, असे ज्यांना वाटेल त्यांना विनंती, शेवटपर्यंत वाचा. प्रश्न कुत्र्याचा कमी आणि आपला जास्त आहे.

आधी नावाचे पाहू. बाल्टिक समुद्राच्या दक्षिण किनाऱ्यावर पोमेरेनिया नावाचा प्रदेश आहे. आज त्याचा मोठा भाग पोलंडमध्ये आणि उरलेला जर्मनीत मोडतो. हे नाव जुन्या स्लाव भाषेतून आले. 'पो' म्हणजे काठाने आणि 'मोरे' म्हणजे समुद्र. पोमेरेनिया म्हणजे समुद्राकाठचा मुलूख, थोडक्यात तिकडचे कोकण. पामेरियन म्हणजे मग तिकडचा 'कोकणी'. 'स्पिट्झ' हा शब्द जर्मन असून त्याचा अर्थ टोकदार. टोकदार तोंड, ताठ उभे कान, पाठीवर वळलेली शेपूट आणि दुहेरी केस, म्हणजे आत मऊ लोकर आणि वर लांब राठ केस, ही या सगळ्या कुळाची ओळख. बर्फात गाड्या ओढणारी उत्तरेकडची कुत्री याच चेहऱ्यामोहऱ्याची असतात.

मूळचा स्पिट्झ हे कामाचे जनावर होते. जर्मन गाडीवान माल घेऊन गावोगाव फिरत, तेव्हा गाडीवर बसून मालाची राखण करणे हे त्याचे काम. शेतात, मळ्यात, अंगणात कोणी अनोळखी आले की बोंब ठोकायची, चावायला धावायचे नाही, आणि धन्याला सोडून जायचे नाही. आजही आपल्या गल्लीतले पांढरे कुत्रे टपालवाल्यावर भुंकते, तेव्हा ते आपल्या पणजोबांची नोकरी बजावत असते. गाडी गेली, माल गेला, भुंकणे तेवढे वारशात राहिले.

इथे मला आपल्या दख्खनच्या कारवानी कुत्र्याची आठवण होते. मराठवाडा, सोलापूर आणि जत भागात ही उंच, सडपातळ, वाऱ्यासारखी पळणारी कुत्री आजही पाळली जातात. कारवानी हा शब्द फारसी 'कारवान'वरून आला, म्हणजे व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर चालणारा. त्याच्याच अंगावर लांब रेशमी केस असले तर त्याला म्हणतात पश्मी. 'पश्म' म्हणजे लोकर, पश्मिना शालीतला तोच शब्द. मेंढरे राखणाऱ्या आणि ससे धरणाऱ्या मराठी माणसाने आपल्या कुत्र्याची फारसी नावे आजवर जपली आहेत. त्याला ती परकी वाटत नाहीत, कारण ती परकी राहिलेलीच नाहीत. गंमत पाहा, बाल्टिककाठचा स्पिट्झ गाडीवानांचा आणि दख्खनचा कारवानी तांड्यांचा. दोघेही वाटेवरचे राखणदार. पुढे दोघांचे नशीब मात्र वेगळे झाले. कारवानी कामात राहिला म्हणून कामाच्या आकाराचा राहिला. स्पिट्झ राजवाड्यात गेला आणि लहान होत गेला.

राजवाड्यात त्याला नेले ते राणी शार्लटने. जर्मनीतल्या मेक्लेनबुर्ग-स्ट्रेलिट्झची ही राजकन्या १७६१ साली इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची राणी झाली. १७६७ साली तिने फीबी आणि मर्क्युरी नावाची दोन पामेरियन कुत्री आणवली. त्या काळच्या चित्रांतली अशी कुत्री आजच्या पामेरियनपेक्षा कितीतरी मोठी दिसतात. चित्रकार गेन्सबरोने १७७७च्या सुमारास रंगवलेले पामेरियन मादी आणि पिल्लाचे चित्र प्रसिद्ध आहे. ती मादी पाहिली तर आजच्या पामेरियनपेक्षा आपल्या गल्लीतला मोठा स्पिट्झच आठवतो.

खरा बदल झाला तो शार्लटची नात व्हिक्टोरिया हिच्या काळात. १८८८ साली राणी फ्लॉरेन्सला व्हिला पाल्मिएरी इथे मुक्कामाला होती. तिथे तिने काही लहान पामेरियन घेतले. त्यातला मार्को तिचा फार लाडका झाला. त्याचे वजन होते १२ पौंड, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपास. तोवरच्या इंग्लंडमधल्या पामेरियनच्या मानाने हे पिटुकलेच. १८९१ साली लंडनमध्ये क्रफ्ट्सचे पहिले कुत्र्यांचे प्रदर्शन भरले, त्यात राणीने आपले पामेरियन पाठवले. राणीला लहान आवडतो म्हटल्यावर सरदार-दरकदारांना, मग सावकारांना, मग सगळ्यांनाच लहान हवा झाला. पैदास करणारे प्रत्येक वेतातले सर्वांत लहान पिल्लू निवडून त्याचीच पुढे वीण वाढवू लागले. राणीच्या हयातीतच या जातीचा आकार जवळजवळ निम्म्यावर आला, असे मानले जाते. आजच्या प्रमाणाप्रमाणे पामेरियन दोन-तीन किलोचा असतो. आपल्याकडची एक मोठी भोपळी वांगी-बटाट्याची पिशवी याहून जड भरते.

फ्लॉरेन्सचे नाव वाचून कोल्हापूरकराचे कान टवकारले असतील. आपले छत्रपती राजाराम महाराज विलायतेहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्सलाच वारले, वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी. आर्नो नदीच्या काठी, संगमावर, त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. तिथे १८७४ साली छत्री उभी राहिली. तिचा आराखडा केला चार्ल्स मँटने. कोल्हापूरचा नवा राजवाडा उभारणारा वास्तुशिल्पी तो हाच. त्या भागातल्या पुलाला इटालियन लोक आजही 'इंदियानो', म्हणजे हिंदी माणसाचा पूल म्हणतात. मार्को राणीच्या हाती आला तेव्हा आपल्या राजाची छत्री त्या शहरात १४ वर्षे उभी होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध काही नाही. पण विलायतेचा इतिहास आपल्यापासून फार लांबचा वाटतो, तेव्हा असे धागे हाती धरायला बरे पडतात.

उर्दूच्या शिक्षकाला आणखी एक धागा सोडवत नाही. मार्को घरात आला त्याच सुमारास राणी उर्दू शिकत होती. आग्र्याहून १८८७ साली चाकरीसाठी आलेला अब्दुल करीम तिचा मुन्शी झाला. राणीने आपल्या हाताने उर्दू लिहून वह्या भरल्या. म्हातारपणी तिच्या भोवती दोन गोष्टी होत्या ज्या दरबाऱ्यांनी लावलेल्या नव्हत्या, तिने स्वतः जोडल्या होत्या. एक हा मुन्शी आणि दुसरी ही छोटी कुत्री. २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बोर्न हाउसमध्ये ती अखेरचे श्वास घेत होती, तेव्हा तुरी नावाचा तिचा पामेरियन बिछान्यावर आणलेला होता. मुन्शीला मात्र तिच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच नव्या राजाच्या हुकुमाने आपली पत्रे जाळली जाताना पाहावी लागली आणि हिंदुस्थानात परतावे लागले. १९०९ साली तो आग्र्यात वारला. सत्तेच्या मांडीवरची जागा किती दिवसांची, हे कुत्र्याला कळत नाही. मुन्शीला ते कळले.

आता आपल्या गल्लीत येऊ. इंग्रज अधिकारी आणि त्यांच्या मडमा स्पिट्झ कुळातली कुत्री हिंदुस्थानात घेऊन आल्या. बर्फाळ मुलखातले दुहेरी केस आणि इथला वैशाख, हा सामना सोपा नव्हता. जे इथल्या उन्हात आणि इथल्या अन्नावर तगले, त्यांची वीण पुढे चालली. पिढ्यानपिढ्या अशी निवड होत इंडियन स्पिट्झ ही वेगळी जात तयार झाली. केनेल क्लब ऑफ इंडिया तिला याच नावाने ओळखते. तिचे दोन आकार आहेत. लहान पाच ते सात किलोचा आणि मोठा १२ किलोच्या पुढचा. रंग बहुतेक दुधी पांढरा, क्वचित काळा किंवा तपकिरी. तोंड पामेरियनपेक्षा लांब, पाय उंच, केस थोडे विरळ. स्वभाव चलाख, शिकवलेले पटकन शिकणारा, घरातल्या एका माणसावर विशेष जीव लावणारा. नीट सांभाळले तर बारा-चौदा वर्षे सोबत करतो.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत परदेशी कुत्रे आणणे महाग आणि किचकट होते. हे पांढरे कुत्रे इथेच मिळत होते, लहान घरात मावत होते आणि घरातले दूध-चपाती खाऊन राहत होते. मध्यमवर्गाला हौस होती, जागा नव्हती. हा त्या हौसेच्या मापाचा निघाला. त्यात १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला. क्रिकेटच्या सामन्यात पंच झालेला आणि शेवटी चिठ्ठी योग्य माणसाकडे पोहोचवून लग्न जमवणारा टफी याच जातीचा होता. त्या वर्षानंतर महाराष्ट्रात किती कुत्र्यांचे नाव टफी ठेवले गेले असेल, याचा अंदाज आपला आपणच करावा.

२००५ साली टपाल खात्याने भारतीय कुत्र्यांवर चार तिकिटे काढली. हिमालयन मेंढपाळ कुत्रा, रामपूर हाउंड, मुधोळ हाउंड आणि राजापलायम. मुधोळ आपल्या शेजारचेच. तिथल्या घोरपडे संस्थानिकांनी ती जात वाढवली, हा आपल्या भागाचा अभिमान. पण देशातल्या असंख्य घरांत वावरलेल्या इंडियन स्पिट्झला त्या तिकिटांवर जागा नव्हती. त्याला शिकार येत नाही, मेंढरे राखता येत नाहीत. त्याचा पराक्रम काय, तर तो सोबत करतो.

आणि नेमका इथेच आपल्या मोहल्ल्यातला प्रश्न उभा राहतो. कुत्र्याबद्दल मुसलमान घरात सहसा एकच वाक्य ऐकू येते, कुत्रा नापाक असतो. पण आपल्या फिकहमध्ये ही गोष्ट इतकी सरळ नाही. इमाम मालिक यांच्या मते कुत्रा मुळात पाक आहे. हनफी मतात त्याची लाळ नापाक आहे, कोरडे अंग लागल्याने कपडे नापाक होत नाहीत. शाफई मत याहून कडक आहे. घाटावरचे आपण बहुतेक हनफी, कोकणातले आपले नातेवाईक शाफई. त्यामुळे एकाच लग्नात एकाच कुत्र्याबद्दल दोन फतवे ऐकू येऊ शकतात. शिकार, जनावरांची आणि शेताची राखण यांसाठी कुत्रा ठेवायला हदीसने स्पष्ट मुभा दिली आहे. केवळ हौसेसाठी घरात कुत्रा ठेवणे बहुतेक उलेमा पसंत करत नाहीत. माझे घरही या बाबतीत वेगळे नाही, आम्ही कुत्रा पाळलेला नाही.

पण कुत्रा न पाळणे आणि त्याला हाकलणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सूरह कहफमध्ये गुहेत झोपलेल्या इमानदार तरुणांबरोबर त्यांचा कुत्राही आहे. तो उंबऱ्याशी पुढचे पाय पसरून बसला आहे, आणि ते किती जण होते याची मोजणी होते तेव्हा त्यालाही मोजले जाते. उर्दूत त्याचे नाव कितमीर म्हणून घराघरांत ठाऊक आहे. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीत उतरून आपल्या जोड्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाला अल्लाहने माफ केले, ही हदीस आपण लहानपणी मकतबमध्ये शिकतो. दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादच्या इब्नुल मर्जुबान नावाच्या विद्वानाने तर कपडे घालणाऱ्या पुष्कळांपेक्षा कुत्री कशी श्रेष्ठ आहेत, यावर एक अख्खे पुस्तक संकलित केले. आपल्या परंपरेला कुत्र्याचा विटाळ तेवढा ठाऊक होता असे म्हणणे, हे परंपरा न वाचण्याचे लक्षण आहे.

दोन वर्षांपूर्वी आमच्या शेजारच्या गल्लीत एक कुटुंब घर बदलून दुसऱ्या गावी गेले आणि आपला पांढरा कुत्रा फाटकाबाहेर सोडून गेले. कुत्रा म्हातारा होता. एप्रिल महिना होता. अंगावरच्या केसांचे गोळे झालेले, कानात गोचीड. तो फाटक सोडत नव्हता. सातवीतला माझा एक विद्यार्थी रोज शाळेतून जाताना नारळाच्या करवंटीत त्याला पाणी ठेवायचा. घरच्यांनी त्याला दटावले, हात लावलास तर अंघोळ कर म्हणून. त्याने वर्गात मला विचारले, "सर, पाणी ठेवलं तर गुनाह होतो का?" मी त्याला जोड्यातून पाणी आणणाऱ्या माणसाची गोष्ट पुन्हा सांगितली. ती त्याला पाठ होती. पुस्तकातल्या त्या कुत्र्याचा या कुत्र्याशी संबंध आहे, हे तेवढे कोणी सांगितले नव्हते. काही दिवसांनी गल्लीतल्या एका प्राणिप्रेमी बाईंनी तो कुत्रा आपल्या घरी नेला.

त्या कुटुंबाने असे का केले, हे मला माहीत नाही. पण आजूबाजूला पाहिले तर चाल ओळखीची वाटते. पांढऱ्या कुत्र्याची फॅशन ओसरली, मोबाइलच्या जाहिरातीमुळे पगची आली, मग बर्फातल्या हस्कीची आली. हस्की वैशाखात फ्लॅटमध्ये धापा टाकत असतो आणि मालक कूलर लावून त्याचे फोटो काढत असतात. फॅशन बदलते तेव्हा कपडे कपाटात जातात. कुत्रे कुठे जाणार?

काही जण म्हणतात, सोडले तर काय झाले, रस्त्यावरची गावठी कुत्री जगतातच की. इथे इतिहास कामाला येतो. गावठी कुत्रा हजारो वर्षे माणसाच्या कडेकडेने स्वतःच्या हिकमतीवर जगत आला आहे. स्पिट्झ तसा नाही. लहान आकाराचा गुणसूत्री ठेवा फार जुना आहे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात सायबेरियातल्या सुमारे ५४,००० वर्षांपूर्वीच्या लांडग्याच्या अवशेषांतही तो सापडला. निसर्गात तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा पडून होता. वेचून, निवडून, पिढ्यानपिढ्या वीण लावून त्याला फुंकर घातली ती माणसाने. त्या फुंकरीबरोबर दुखणीही आली. अगदी लहान पामेरियनच्या गुडघ्याची वाटी सरकते, श्वासनलिका नाजूक होते, दात लवकर पडतात. इंडियन स्पिट्झ त्या मानाने काटक, पण तोही भांडून अन्न मिळवायला शिकलेला नाही. त्याचे काम आपण काढून घेतले, आकार आपण बदलला, आणि आपल्याशिवाय जगण्याची सोय ठेवली नाही. ज्याला आपणच परावलंबी केले, त्याचा आपल्यावर हक जास्त असतो, कमी नव्हे. म्हाताऱ्या नोकराला, वाकलेल्या बैलाला आणि कुत्र्याला हा नियम सारखाच लागू आहे.

कायदाही हेच म्हणतो. प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६०च्या अकराव्या कलमाप्रमाणे उपासमार किंवा तहान होईल अशा स्थितीत जनावर सोडून देणे गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. १९६० साली ती रक्कम काहीतरी होती, आज तेवढ्यात बिस्किटाचे दोन पुडे येतात. २०१७च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याला नोंदणी लागते. विकत घेणाऱ्याने निदान एवढे तरी विचारावे.

म्हणून पाळायचा विचार करणाऱ्यांना, मग ते कुठल्याही धर्माचे असोत, चार गोष्टी सांगतो. बारा-चौदा वर्षे घरात राहील, म्हणजे आज पहिलीत असलेले मूल बारावी होईपर्यंत, हे धरून चाला. दर वर्षी रेबीजची लस द्या. उन्हाळ्यात केस पूर्ण भादरू नका, ते केस उन्हापासूनही राखतात. रोज विंचरा, सावली आणि पाणी द्या. नुसत्या दूध-चपातीवर ठेवू नका, कांदा आणि चॉकलेट अजिबात देऊ नका. आणि हे जमणार नसेल, तर हौस बाजूला ठेवा.

जे पाळणार नाहीत, त्यांच्यासाठी गोष्ट त्याहून सोपी आहे. ज्याला वुजूची काळजी आहे त्याने लाळेपासून कपडे सांभाळावेत, त्यात काही गैर नाही. पण उन्हात दारासमोर धापा टाकणारे जनावर दिसले तर भांडेभर पाणी बाहेर ठेवावे. पाणी ठेवायला कुत्र्याला हात लावावा लागत नाही.